खाली गेलेलं रक्त वर कसं येतं?

प्रश्न विचारलाय एका बी.एस्सी.च्या मुलानं. वडील छप्पन्न वर्षांचे, सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर बत्तीस वर्षं काम. संध्याकाळी दोन्ही पाय घोट्याशी सुजतात, सकाळी सूज उतरलेली असते. डाव्या पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या उठल्यात. बीपीची गोळी चालू आहे. ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही नॉर्मल आले, तरी शेजारी म्हणतात, हार्ट कमकुवत झालंय, रक्त वर खेचत नाही, पाणी कमी प्या. मुलाचा खरा प्रश्न पुढचा आहे: "हृदय छातीत, पाय जमिनीवर. पंप खाली ढकलतो हे कळलं, पण खालचं रक्त वर कोण चढवतं?"

फार चांगला प्रश्न आहे. पंचवीस-तीस वर्षं सोलापुरात प्रॅक्टिस करतोय, पण पेशंटच्या घरच्यांनी हे असं विचारल्याचं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच आठवतं. सगळ्यांना पंपाची काळजी असते, परतीच्या वाटेचं कुणी विचारत नाही. तुमच्या वडिलांचं दुखणं त्या परतीच्या वाटेतच आहे असं मला वाटतं.

आधी एक गैरसमज काढू. आपल्याकडं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, मग मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. त्यामुळं डोक्यात चित्र तेच बसतं: पाणी वर न्यायचं म्हणजे मोटर हवी, आणि मोटर थकली की पाणी वर जात नाही. शरीरात तसं नाही. टाकीचं पाणी वापरून गटारात जातं, रक्त कुठंच सांडत नाही. ते एका बंद कड्यात फिरतं. पाण्यानं काठोकाठ भरलेली रबरी नळी घ्या, दोन्ही तोंडं जोडून कडं करा आणि उभं धरा. एका बाजूनं पाणी खाली उतरत असेल तर त्याच्या वजनानंच दुसऱ्या बाजूचं पाणी वर येतं. उतरणीत जेवढं मिळालं तेवढं चढणीत खर्च झालं, हिशेब फिटला. म्हणजे पायातलं रक्त 'उचलण्याचं' काम हृदयाला करावंच लागत नाही. त्याला फक्त वाटेतल्या घर्षणावर मात करायची असते.

हे आकड्यांत बघा, मजा आहे. उभ्या माणसाच्या हृदयापासून पावलापर्यंत साधारण १२० सेंटिमीटरचा रक्ताचा स्तंभ असतो. त्याच्या नुसत्या वजनाचा दाब, बीपी मोजतो त्याच मापात, सुमारे ९० मिलिमीटर पारा भरतो. हृदयाजवळच्या धमनीत, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीत, सरासरी दाब ९० ते ९५ असेल तर पावलाच्या धमनीत तो १८० च्या पुढं जातो. तसाच पावलाच्या शिरेतही, म्हणजे रक्त परत आणणाऱ्या वाहिनीतही, शून्याच्या आसपास असायला हवा तो दाब ९० होतो. दोन्हीकडं सारखीच भर पडली, त्यामुळं फरक तोच राहिला, आणि रक्त फरकावर वाहतं. (बीपी मोजताना हात हृदयाच्या पातळीवर ठेवा म्हणतो ते याच कारणानं. हात लोंबता ठेवून मोजलेलं बीपी जास्तच येणार.)

मग घोडं अडतं कुठं? नळी कडक असती तर अडलं नसतं. पण शिरा मऊ असतात, पातळ भिंतीच्या, फुगणाऱ्या. ९० चा दाब आत आला की त्या फुगतात आणि रक्त साठवून बसतात. तुम्ही झोपलेले उठून उभे राहिलात की अर्धा लिटर किंवा थोडं जास्तच रक्त पायांकडं सरकतं. अंगात एकूण रक्त पाच लिटर. त्यातलं अर्धा लिटर खाली अडकलं तर हृदयाकडं परत येणारं कमी झालं, आणि हृदयाचा नियम सावकारी नाही, रोखीचा आहे. जेवढं आलं तेवढंच पुढं जाणार, उधारीवर एक थेंब नाही.

आता ते कडं एकदा फिरून येऊ. शाळेतलं असल्यामुळं भराभर सांगतो. अंगभरचं वापरलेलं रक्त उजव्या कप्प्यात येतं, तिथून फुप्फुसात जाऊन प्राणवायू घेतं, डाव्या कप्प्यात येतं आणि महाधमनीतून सगळीकडं जातं. म्हणजे शेजारी-शेजारी चिकटलेले दोन पंप. उजवा हलका, कारण फुप्फुसं शेजारीच आहेत, तिथं वरचा दाब २५ च्या आसपास पुरतो. डावा जाड भिंतीचा, १२० चा. चार झडपा रक्ताला मागं फिरू देत नाहीत. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे टपरीवरच्या कटिंगएवढं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ पाच लिटर. अंगातलं सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारतं.

याच गुणाकारानं विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं १६२८ साली जुनी समजूत मोडून काढली. तोवर युरोपातले वैद्य मानायचे की अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं आणि अंगात मुरून संपतं. हार्वेनं हिशेब मांडला: हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त बाहेर टाकतं तेवढं माणसाच्या अख्ख्या अंगात नसतं. आजच्या आकड्यांनी अर्ध्या तासाचे दीडशे लिटर होतात. एवढं रोज नव्यानं कुठून तयार होणार? म्हणजे तेच परत येतंय. मात्र धमनीतून शिरेत ते कसं शिरतं हे त्याला दिसलं नाही, कारण मधल्या केशवाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या १६६१ मध्ये मालपिघी या इटालियन शास्त्रज्ञानं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हार्वे त्याआधी चार वर्षं वारला होता.

हार्वेचा एक प्रयोग तुम्ही आत्ता, घरी, वडिलांच्या हातावर करू शकता. मागावर काम करणाऱ्याच्या हाताच्या शिरा छान उठून दिसतात. त्यांचा हात खाली लोंबता ठेवा. मनगटाच्या वरची एखादी सरळ, ठसठशीत शीर निवडा. तिच्यावर मधेमधे बारीक गाठीसारखा फुगवटा दिसेल, ती झडपेची जागा. शिरेच्या पंजाकडच्या टोकावर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटानं शिरेतलं रक्त कोपराच्या दिशेनं त्या गाठीच्या पलीकडं निपटत न्या आणि ते दुसरं बोट उचला. गाठीपर्यंतची शीर रिकामी, चपटी राहते. वरचं रक्त खाली येत नाही, झडपेनं अडवलेलं असतं. आता पहिलं बोट सोडा. खालून सर्रकन भरते. रक्त एकाच दिशेनं जातं याचा यापेक्षा सोपा पुरावा मला माहीत नाही. मी शिकाऊ डॉक्टरांनाही हेच करून दाखवतो, आणि स्टेथोस्कोप गळ्यात अडकवलेली ती मुलं लहान पोरांसारखी एकमेकांचे हात धरून बसतात.

पायाच्या शिरांतही अशाच झडपा असतात, हातापेक्षा जास्त. त्या झडपा आणि पोटरीचा स्नायू मिळून तुमच्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. पायाच्या खोलवरच्या शिरा पोटरीच्या मांसात दडलेल्या असतात. पाऊल टाकताना टाच उचलली की पोटरी आवळते, शीर पिळली जाते, रक्त वर उडतं. खाली जायची वाट झडपेनं बंद. पोटरी सैल पडली की शीर रिकामी असते, त्यात वरच्या थरातल्या शिरांचं आणि पावलाचं रक्त शिरतं. पुढचं पाऊल, पुन्हा पिळा. नुसतं उभं असताना पावलाच्या शिरेत जो ९० चा दाब होता, तो चालायला लागल्यावर काही पावलांतच ३० च्या आसपास येतो. म्हणून पोटरीला आम्ही दुसरं हृदय म्हणतो. शिवाय श्वासाचाही हातभार असतो: श्वास घेताना छातीतला दाब उतरतो, पोटातला वाढतो, रक्त वर ओढलं जातं.

आता वडिलांकडं येऊ. ते म्हणतील, मी कुठं नुसता उभा असतो, दिवसभर चालतोच की. मी मागावर जाऊन पाहिलंय. दोन मागांच्या मधल्या बोळात दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं. धागा तुटला, वाकून जोडला. धोट्यातली संपलेली सुताची कांडी बदलली. परत उभे. पाय घासत सरकतात, टाच नीट उचललीच जात नाही, म्हणजे पिळा पुरता बसतच नाही. पंप आहे, पण दिवसभर अर्धवट दाबलेला. तसं बत्तीस वर्षं चाललं की शिरा ताणून रुंद होतात. शीर रुंद झाली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना भेटत नाहीत, फट राहते, रक्त मागं गळतं, खालच्या झडपेवर भार येतो, तीही निकामी होते. पोटरीवरच्या त्या दोरीसारख्या निळ्या शिरा म्हणजे हेच, व्हेरिकोज व्हेन्स. आपल्याकडं याला 'नस फुगली' म्हणतात. कंबरेत 'नस दबली' म्हणतो ती नस वेगळी, ती संदेश नेणारी चेता. एकाच शब्दानं दोन्ही बोलायची सवय असल्यामुळं नस फुगलेला माणूस एमआरआय काढून येतो, असंही झालेलं आहे.

पण सूज म्हणजे रक्त नव्हे, सूज म्हणजे पाणी. केशवाहिनी इतकी अरुंद असते की लाल पेशी वाकून, एकामागोमाग एक अशा जातात. महाधमनीत सेकंदाला तीसेक सेंटिमीटर धावणारं रक्त इथं मिलिमीटरभरही सरकत नाही. ही मंदगती मुद्दाम आहे, देवाणघेवाण इथंच होते. भिंत झिरपती असते, थोडं पाणी बाहेर जातं, बरंचसं लसिकावाहिन्या नावाच्या वेगळ्या बारीक नळ्या गोळा करून परत रक्तात आणून सोडतात, रोज दोन-तीन लिटर. शिरेतला दाब दिवसभर चढा राहिला की झिरपणं वाढतं, गोळा करणारे कमी पडतात आणि पाणी घोट्याभोवती साचतं. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा पडून राहिला तर तेच साचलेलं पाणी.

रात्री आडवे झाले की पावलं हृदयाच्या पातळीवर आली, ९० चा स्तंभ संपला. पाणी परत आत शिरतं, रक्तात येतं, मूत्रपिंडातून बाहेर पडतं. म्हणून सकाळी पाय हलके. वडील रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात का, हे विचारा. उठत असतील तर थोडा वाटा याचा असू शकतो. साखर आणि प्रोस्टेट तपासल्याशिवाय मात्र सगळं यावर ढकलू नका.

बिडीकाम करणाऱ्या एक मावशी माझ्याकडं येतात. त्यांचं म्हणणं, "सर, मी तर उभीच राहत नाही, मला का सूज?" मांडीवर सूप, गुडघे दुमडलेले, तासन्तास हात तेवढे चालतात. पाय घडी घालून ठेवलेले, पोटरी झोपलेली. उभं राहा नाहीतर बसा, दुसरं हृदय बंद असलं की परिणाम एकच.

आता बीपीची गोळी. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण पट्टीवर अमलोडिपिन असं लिहिलंय का बघा. हे समजायला धमन्यांच्या शेवटच्या बारीक फाट्यांबद्दल सांगायला हवं. आपल्याकडं उजनीच्या कालव्याला आवर्तन सुटतं, सगळ्या फाट्यांना एकाच वेळी पूर्ण पाणी कधीच देत नाहीत, कारण पुरणार नाही. पाच लिटर रक्ताचंही तसंच. या बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतो, तो आवळतो-सैलावतो आणि कुणाला किती द्यायचं ते ठरवतो. आरामात बसलेले असताना मूत्रपिंडांना एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त, मेंदूला १५ टक्क्यांच्या आसपास. जेवण झालं की आतड्यांचा वाटा वाढतो, धावलात की स्नायूंचा, उन्हाळ्यात कातडीचा. (जेवल्यावर मेंदूचं रक्त पोटात जातं म्हणून झोप येते, हे खरं नाही. मेंदू आपला हिस्सा सहसा सोडत नाही.)

अमलोडिपिन ही फाट्यांची दारं सैल करतं, त्यानं बीपी उतरतं. पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. दार उघडं, पुढची वाट तीच, त्यामुळं मधल्या केशवाहिनीत दाब वाढतो आणि घोट्याला सूज येते. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, नुसती जागा चुकलेली असते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी यात फसलोय. एका गृहस्थाची अशी सूज पाहून लघवी वाढवायची गोळी लिहून दिली. एप्रिलचे दिवस. आठवड्यानं ते भिंतीला धरत आले, पोटऱ्यांत गोळे येत होते, उभं राहिलं की अंधारी, आणि सूज होती तिथंच. मी अंगातलं कामाचं पाणी काढून टाकलं होतं. तेव्हापासून सुजलेल्या पायाकडं बघायच्या आधी मी पेशंटची औषधाची पिशवी उघडतो. तुम्ही मात्र गोळी मनानं बंद करू नका. डोस कमी करता येतो, दुसऱ्या गटातली गोळी जोडली तर सूज बऱ्याचदा उतरते, पण ते ठरवायचं काम डॉक्टरचं.

'पाणी कमी प्या' हा सल्ला तर साफ विसरा. मे महिन्यात पारा ४२-४३ ला, वर पत्रा, आजूबाजूला मोटरींची धग. अशात घाम गाळणाऱ्या माणसाचं पाणी तोडलं तर तो सुजेनं नाही, चक्कर येऊन पडेल. कातडीच्या रक्तवाहिन्या उष्णतेनं उघडलेल्या, अर्धा लिटर पायात, वरून घामानं रक्ताचं पाणी कमी. मानेतल्या धमनीत दाब मोजणारे चेतातंतू असतात, ते लगेच ओरड करतात, ठोके वाढतात, वाहिन्या आवळतात. एका मर्यादेपलीकडं तेही हरतात. असा कुणी पडला तर त्याला उठवून खुर्चीत बसवायची घाई करू नका, आपल्याकडं सगळे तेच करतात. आडवंच ठेवा, पाय वर करा. पायातलं रक्त मिनिटाभरात घरी येतं. शुद्ध आली नाही, किंवा अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध असेल, तर मात्र थेट दवाखाना.

हृदयाच्या दुखण्याची सूज कशी ओळखायची? जिना चढताना धाप, रात्री उशा वाढवून झोपावं लागणं, बसल्यावरही मानेची शीर फुगलेली दिसणं, काही दिवसांतच वजन दोन-तीन किलोनं वाढणं. यातलं काही असेल तर आधीचा इको नॉर्मल आहे म्हणून स्वस्थ बसू नका. सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवीला फेस असेल तर मूत्रपिंड बघायला हवं, साधी लघवीची तपासणी पुरते. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखरी आणि गरम लागली तर त्याच दिवशी दाखवा, आणि तेल लावून चोळू तर अजिबात नका. आतल्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. ती सुटली तर कुठं जाईल, हे आता तुम्हीच सांगाल: शिरेतून उजव्या कप्प्यात, तिथून थेट फुप्फुसात.

वडिलांसाठी काय करायचं? कांडी बदलायला थांबतील तेव्हा दर वेळी जागच्या जागी वीसेक वेळा टाचा उचलायच्या, पंजावर उभं राहून पूर्ण वर, मग खाली. कामाची पाळी संपली की घरी गाडीवर न जाता वीस मिनिटं चालत. रात्री पायाखाली त्यांनीच विणलेल्या दोन जाड चादरींची घडी, घोटे छातीपेक्षा थोडे वर येतील इतकी. शेंगाचटणी, लोणचं, पापडातलं मीठ बीपीसाठी आणि सुजेसाठीही आवरायला हवं. घट्ट मोजे चांगले, पण सोलापूरच्या उन्हात ते किती दिवस घालतील याची मला शंकाच आहे. आणि ते घेण्याआधी पावलावरची नाडी लागते का हे तपासून घ्यायलाच हवं. तंबाखू-बिडी असेल तर पायाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या असू शकतात, तशा पायाला आवळलं तर नुकसान होतं. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडत असेल, खाजत असेल, तर शिरांचा कलर डॉपलर (सोनोग्राफीचाच एक प्रकार) करून घ्या. झडप कुठं गळते ते त्यात दिसतं, आणि आता लेझरनं ती शीर बंद करण्याचा उपाय आहे. तिथं जखम झाली तर ती महिनोन्महिने भरत नाही, म्हणून वाट बघू नका.

त्यांना डॉक्टरकडं घेऊन जाल तेव्हा सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या, आणि सकाळची अपॉइंटमेंट घेऊ नका. सकाळी पाय चांगलेच दिसणार. पाळी सुटल्यावर, घरी न जाता, मागावरून तसेच न्या.